निर्मलाबाईंच्या हसण्याबाबत खुलासा

आपल्या कलेचे चीज व्हावे अशी इच्छा माणसाने खुशाल धरावी, फक्त ती हातात मोबाइल असलेल्या पोरीसमोर बोलून दाखवू नये. सानगडीच्या सुखराम लांजेवारांनी ती दाखवली, आणि तिथून पुढे जे झाले त्याची फाइल आजही साकोलीच्या एका सरकारी कार्यालयात आहे. तिची जाडी चार बोटे भरते.

सुखरामजी त्याच कार्यालयात वरिष्ठ लिपिक. निवृत्तीला दीड वर्ष उरलेले. वर्षातले तीनशे साठ दिवस ते 'उपरोक्त विषयान्वये' लिहीत, आणि उरलेले पाच दिवस, म्हणजे दिवाळीनंतर गावोगावी मंडईची जत्रा भरते तेव्हा, खडी गंमत या लोकनाट्यात उतरत. दुपारच्या उन्हात ढोलकी वाजू लागली, पाहुणेरावळे गोल करून बसले, की सुखरामजी डोक्याला दुपट्टा बांधून मध्ये उभे राहायचे आणि सारी मंडई लोळवायचे. हल्या, म्हणजे रेडा, तलावात बसतो आणि काही केल्या उठत नाही, ही त्यांची नक्कल पंचक्रोशीत गाजलेली. ती ऐकून एकदा एका खऱ्या म्हशीने मान वळवून पाहिले होते असे सांगतात. सांगणारे बहुतेक वेळा सुखरामजीच असतात, पण ते असो.

सारी मंडई म्हणजे एक माणूस सोडून. निर्मलाबाई, म्हणजे सुखरामजींची बायको, दरवर्षी पहिल्या रांगेत बसायची आणि पंचांगातला पाऊस ऐकावा तशा चेहऱ्याने नवऱ्याची गंमत पाहायची. बाई रागीट नव्हती, खाष्टही नव्हती. तिला नुसते हसू येत नसे. घरी आल्यावर सुखरामजी पाय धुताधुता सहज विचारल्यासारखे विचारत, "कशी झाली?"

"बरी झाली. सदऱ्याचं बटन तुटलं होतं तुमच्या."

सत्तावीस मंडया अशा गेल्या. बाकी गाव हसून हसून गडाबडा लोळले तरी सुखरामजींचा डोळा त्या एका चेहऱ्यावर असायचा, आणि प्रत्येक दिवाळीनंतर त्यांना वाटायचे, आपण जन्मभर भलत्याच लोकांना हसवत आलो. हे दुःख त्यांनी कुणाला सांगितले नव्हते. सांगितले असते तर लोक त्यालाही हसले असते.

तर एका रविवारी घरात टीव्हीवर 'पोट धरून बसा' हा विनोदी कार्यक्रम चालू होता. त्यात कोणी एक पुणेरी पोरगा नाटकी रडत होता आणि प्रेक्षक हसत होते. सुखरामजी म्हणाले, "याच्यापेक्षा आपला हल्या बरा." एवढेच म्हणाले. पण त्यांची मुलगी खुशबू कॉलेजात शिकणारी, तिने मान वर केली.

"बाबा, मंग तुमी काहून नाई जात? नागपूरले निवड होऊन राहिली. भरू का फॉर्म?"

सुखरामजींनी निर्मलाबाईकडे पाहिले. ती तांदूळ निवडत होती. ती नुसती म्हणाली, "भर ना. थो टीव्हीवाला एवढा सारा सामान लावून हासवते, तं एखाद्या वेळेस हासूही येईन कोणाले."

'कोणाले' या शब्दाने घात केला. टीव्हीच्या दिव्यांत, टीव्हीच्या गाद्यांच्या खुर्चीवर बसून ही बाई हसेल, असे सुखरामजींच्या मनाने घेतले आणि त्यांनी मान हलवली. फॉर्म गेला. आठ दिवसांत बोलावणेही आले.

गावात बातमी पोचायला फॉर्मपेक्षा कमी वेळ लागला. शेजारचे गोमाजी धानाचे बांध पाहून परत जाता जाता ओसरीवर टेकले. गोमाजींनी उभ्या आयुष्यात गंमत केली नव्हती, पण सल्ला देण्यात त्यांचा हात धरणारा तालुक्यात नव्हता.

"सुखरामजी, एक गोष्ट ध्यानात ठेवा. टीव्हीवर बाप्या मानसानं लुगडं नेसल्याबिगर कोणीच हासत नाई. मी रोज पाह्यतो."

"पण माझा हल्या आहे नं गा. हल्याले लुगडं कायले?"

"हल्याले नको. तुमाले."

यावर वाद घालता येईना, कारण त्या रविवारच्या कार्यक्रमात खरोखरच पाच पुरुषांपैकी चार साडीत होते आणि पाचवा सूत्रसंचालक होता. साडी ठरली. आणि साडी ठरल्यावर मिशीचा प्रश्न आला. गोमाजी म्हणाले, मिशीसकट लुगडं म्हणजे दोन्हीचा अपमान. सुखरामजींची मिशी तीस वर्षांची, झुपकेदार, कार्यालयात वचक असलेली. त्यांनी डोळे मिटून ती काढून टाकली आणि रुमाल तोंडावर धरून कामावर गेले.

आता आपल्याकडे बाप जिवंत असताना मिशी काढत नाहीत, हे सुखरामजींना ठाऊक होते. पण कलेच्या तंद्रीत ते विसरले. गाव विसरले नाही. ते संध्याकाळी घरी आले तर अंगणात बारा-पंधरा माणसे दुपट्टे घेऊन गप्प बसलेली, शेजारची मनकर्णाबाई पदराने डोळे पुसते आहे, आणि मधोमध खाटेवर सुखरामजींचे चौऱ्याऐंशी वर्षांचे वडील वासुदेवराव बसून प्रत्येकाला विचारत आहेत, "अरे पण मेलं कोण गा?" कोणाचीही सांगायची हिंमत होत नव्हती. सुखरामजी आत शिरले तसे वासुदेवरावांनी लेकाच्या उघड्या ओठाकडे एकदा पाहिले आणि सगळे समजले. नंतर आठ दिवस ते लेकाशी बोलले नाहीत. जेवायला बसले की सुनेला म्हणायचे, "निर्मला, मी गेलो ना? मंग मले भाकर कायले वाढतं?"

निर्मलाबाई यावरही हसली नाही. तिने भाकर वाढली.

एवढ्यावर भागले असते. पण सरकारी माणसाला टीव्हीवर जायचे तर वरिष्ठांची परवानगी लागते, आणि सुखरामजी नियमाला पक्के. त्यांच्या कार्यालयाचे प्रमुख लक्ष्मणराव. मनाने वाईट नव्हते, पण सहीला फार भित्रे. त्यांनी अर्ज उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला.

"लांजेवार बाबू, तुमी तिथं काय बोलणार, हे आमाले कसं कळन?"

"विनोद सांगणार साहेब."

"मंग थे विनोद जोडपत्र म्हणून लावा. अनुक्रमांक टाका. अन् प्रत्येकाखाली सही."

सुखरामजींनी रात्रंदिवस एक करून सात विनोद सात कागदांवर लिहिले. विनोद लिहिला की त्याचा जीव जातो, हे कोणीही सांगेल. त्यात तो तीन प्रतींत लिहायचा. फाइल टेबलाटेबलांवरून फिरली आणि एकेक विनोद गळू लागला. पहिला तलाठ्यावर होता, तो शासनाची प्रतिमा म्हणून गेला. दुसरा दवाखान्यावर होता, त्यावर 'संबंधित खात्याचे मत घ्यावे' असा शेरा पडला. तिसरा बायकोवरचा, त्यावर कोणी काही लिहिले नाही, नुसती लाल रेघ मारली. चौथा घरजावयावर होता आणि लक्ष्मणराव स्वतः सासऱ्याच्या घरात राहत. तो विनोद फाइलमधून कागदासकट नाहीसा झाला. पाचवा आणि सहावा वाचून कोणाला काही आक्षेपार्ह सापडले नाही, म्हणून ते जास्तच संशयास्पद ठरले.

उरला सातवा, हल्या. लक्ष्मणराव म्हणाले, "याच्यात जनावराले तरास तं नाई ना देत?"

"साहेब, हल्या मीच असतो."

"मंग कर्मचाऱ्याले तरास आहे." पण सुखरामजींचा चेहरा पाहून त्यांना दया आली, आणि जायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी पावणेसहाला परवानगीचे पत्र हातात पडले. देताना त्यांनी बजावले, "याच्यातला एक शब्द इकडचा तिकडे करू नका. दीड वर्ष राह्यलं तुमचं. पेन्शनच्या कागदाले डाग नको." सुखरामजींनी ते पत्र घडी करून वरच्या खिशात ठेवले. त्या रात्री त्यांना झोप नाही. तीन मिनिटांची गंमत आता चाळीस सेकंदांची झाली होती.

नागपूरच्या त्या हॉलमध्ये अडीचशे कलावंत होते. कोणी भटजी झालेला, कोणी पोलीस, आणि साड्या तर इतक्या की लग्नाच्या मांडवात आल्यासारखे वाटावे. नंबर दोनशे चौदा. पुरुषांच्या मुतारीत उभे राहून सुखरामजींनी निर्मलाबाईची साडी नेसली. तिच्या भावाने गेल्या मंडईला आणलेली, मोरपंखी. खिसा नव्हता, म्हणून परवानगीचे पत्र कमरेला खोचले. बाहेर आल्यावर निर्मलाबाईने साडीकडे पाहिले. "काठ उलटा घेतला," म्हणाली.

हॉलमध्ये रुचिका नावाची एक मुलगी कानाला यंत्र लावून सगळ्यांना बसवत होती. तिने निर्मलाबाईला आणि खुशबूला पहिल्या रांगेत बसवले. पुढे एक पोरगा उभा होता. त्याचा हात वर गेला की प्रेक्षकांनी हसायचे, खाली आला की थांबायचे. सुरुवातीला नुसताच सराव चालला होता. रंगमंचावर कोणी नव्हते, पोराचा हात वर गेला आणि तीनशे माणसे खदाखदा हसली. एक निर्मलाबाई सोडून.

"मावशी, हसा ना," रुचिका म्हणाली.

"अजून कोणी काई बोललाच नाई वं बाई. कायले हासू?"

चार वाजता दोनशे चौदा नंबर पुकारला गेला. सुखरामजी उजेडात येऊन उभे राहिले. इतका उजेड त्यांनी उभ्या जन्मात अंगावर घेतला नव्हता. समोर काळोख, आणि काळोखात पहिल्या रांगेत तो एक ओळखीचा चेहरा, पंचांग ऐकणारा. त्यांनी तोंड उघडले, आणि हल्या आलाच नाही. तलाव आठवला, पाणी आठवले, हल्या गायब. एक शब्द इकडचा तिकडे करायचा नाही, हे मात्र लख्ख आठवत होते. घामाने कपाळावरची टिकली घसरून नाकावर आली. तेव्हा तीस वर्षे नोकरी केलेल्या माणसाचा हात जिथे जायचा तिथेच गेला. सुखरामजींनी कमरेचे पत्र काढले, उलगडले, आणि सवयीप्रमाणे अगदी वरपासून, खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली.

"जावक क्रमांक चारशे बारा. विषय, दूरचित्रवाणीवर विनोद करण्यास परवानगी मिळणेबाबत. उपरोक्त विषयान्वये आपणांस कळविण्यात येते की, आपण सादर केलेल्या विनोदांपैकी अनुक्रमांक एक ते सहा अमान्य करण्यात येत असून, अनुक्रमांक सात, हल्या, यावर पुढील अटींच्या अधीन राहून हसविण्यास मान्यता देण्यात येत आहे. अट एक. विनोद कार्यालयीन वेळेव्यतिरिक्त करावा. अट दोन. हल्याचे वर्तन शासकीय कर्मचाऱ्यास शोभेल असे असावे. अट तीन. ऐनवेळी बदल केल्यास होणाऱ्या हास्यास हे कार्यालय जबाबदार राहणार नाही."

हॉल गप्प. हात वर करणाऱ्या पोराला वाटले, काकांनी अजून सुरुवातच केलेली नाही, आधी कागदपत्रे दाखवत आहेत. त्याने हात खालीच ठेवला. हात खाली, म्हणून तीनशे माणसे खाली मान घालून बसली.

आणि सुखरामजी "प्रत माहितीस्तव" येथे पोचले तेव्हा पहिल्या रांगेतून आवाज आला.

आधी त्यांना वाटले कोणाला ठसका लागला. मग त्यांनी पाहिले. निर्मलाबाई हसत होती. आधी खांदे, मग पदर, मग सगळी बाई. भरल्या तलावाचे दार उघडावे तसे सत्तावीस वर्षांचे एकदम बाहेर आले. तिने तोंडाला पदर लावायचा प्रयत्न केला, तो राहिना. खुशबूच्या मांडीवर थापा मारत, डोळ्यांतले पाणी पुसत, नवऱ्याकडे बोट दाखवत ती हसत होती. हात वर गेला नसताना. तीनपैकी दोन कॅमेरे गर्रकन तिच्याकडे वळले.

सुखरामजी कागद हातात धरून तसेच उभे राहिले. परीक्षक म्हणाले, "धन्यवाद काका, पुढचा नंबर." त्यांना ते ऐकूच आले नाही. नाकावर टिकली, अंगावर उलट्या काठाची साडी, आणि त्यांना वाटत होते की आता आपल्याला कोणी मारून टाकले तरी चालेल.

बाहेर रुचिका धावत आली. तिने एक कागद पुढे केला, "मावशी, इथे सही करा, तुमचं हसणं काय सुंदर आलंय!" आणि सुखरामजींना म्हणाली, "काका, पुढच्या रविवारी संध्याकाळी सातला बघा हं." याचा अर्थ सुखरामजींनी जो घेतला तो कोणीही घेतला असता. परतीच्या एसटीत लाखनी येईपर्यंत त्यांनी बायकोकडे सात वेळा पाहिले. शेवटी न राहवून विचारले, "येवढं काय हासली वं?"

"तुमी लुगड्यात उभे राहून जावक क्रमांक सांगून राह्यले होते जी," ती म्हणाली, आणि तिला पुन्हा उबळ आली.

घरी आल्यावर वासुदेवराव हे ऐकून आठ दिवसांनी पहिल्यांदा लेकाशी बोलले. "मंग मिशी वाया नाई गेली," म्हणाले.

पुढच्या रविवारी लांजेवारांच्या अंगणात सतरंज्या टाकल्या गेल्या. टीव्ही ओसरीवर आणला. गोमाजी सगळ्यांत पुढे, कारण साडीची कल्पना त्यांची. मनकर्णाबाई घरून मुरमुऱ्याचा चिवडा घेऊन आलेली. सात वाजता कार्यक्रम सुरू झाला. त्यात तोच पुणेरी पोरगा आला, गोरा, कुरळ्या केसांचा. सरकारी ऑफिसातल्या बाबूंवर बोलू लागला. बाबू झोपतात, बाबू चहा पितात, बाबू उठतच नाहीत. आणि पहिल्याच वाक्याला पडद्यावर निर्मलाबाई आली.

अंगणात एकच गलका. निर्मलाबाई पोटभर हसत होती. पोरगा पुन्हा काही बोलला, पुन्हा निर्मलाबाई. तिसऱ्यांदा. चौथ्यांदा तर पदर डोळ्यांना लावून, बोट दाखवत. मग जाहिराती लागल्या, मग दुसरे कोणी आले, मग कार्यक्रम संपला. दोनशे चौदा नंबर कुठेच नव्हता. ना साडी, ना हल्या, ना जावक क्रमांक.

शेवटी गोमाजींनी घसा साफ केला. "सुखरामजी, वाईट नोका मानू. पण सत्तावीस वर्स तुमी तिच्यापुढं नाचले, अन् त्या पोट्ट्यानं दोन मिनिटात हासवलं. कलाकार आहे बापा थो."

"अरे, त्या पोट्ट्याले हिनं पाह्यलंच नाई!" सुखरामजी ओरडले. "थो त्या दिवशी तिथं नव्हताच! ते हासणं माझं आहे! कापून तिकडे चिकटवलं त्यायनं!"

खुशबूनेही समजावून पाहिले, टीव्हीवाले असेच करतात, एकाचे हसू दुसऱ्याला लावतात. लोकांनी तिच्याकडे कीव आल्यासारखे पाहिले. पोरगी बापाची बाजू घेणारच. मनकर्णाबाई हळूच म्हणाली, "डोळ्यानं पाह्यलं ना वं आमी. कसा गोरागोमटा होता. हासू येनारच." निर्मलाबाई म्हणाली, "मी तं याह्यलेच हासली," पण ते सगळ्यांनी पतिव्रतेचे बोलणे म्हणून घेतले आणि चिवड्याचा डबा घेऊन उठले.

मंगळवारी कार्यालयात पत्र मिळाले. लक्ष्मणराव पत्र देताना खालीच पाहत होते. बिचाऱ्यांना वरून फोन आला होता. "दिनांक अमुक रोजी प्रक्षेपित कार्यक्रमात शासकीय कर्मचाऱ्यांची टिंगल करणाऱ्या विनोदास आपली पत्नी चार वेळा हसताना आढळून आली. आपण कार्यालयाच्या परवानगीने तेथे गेला असल्याने ही बाब गंभीर आहे. सदर हसण्याबाबत तीन दिवसांत लेखी खुलासा सादर करावा, अन्यथा निवृत्तिवेतनाच्या प्रकरणात त्याची नोंद घेण्यात येईल."

सुखरामजींनी खुर्ची ओढली आणि खुलासा लिहायला घेतला. खरे तेच लिहायचे ठरवले. 'माझी पत्नी सदर विनोदास हसलेली नसून,' असे सुरेख सुरू झाले, आणि पुढे पेन थांबले. हसलेली नसून, कशाला हसली? आपल्या कार्यालयाच्या जावक क्रमांक चारशे बाराला. साहेबांच्या सहीला. अट क्रमांक तीनला. बाबूंच्या विनोदाला हसली तर एक वेळ माफी होती. साहेबांच्या पत्राला हसली म्हटल्यावर पेन्शन कुठली. त्यांनी तो कागद फाडला. असे अकरा कागद फाडले.

तिसऱ्या दिवशी सकाळी घरी ओसरीवर बसून त्यांनी शेवटचा खुलासा लिहिला. लिहिलेले मोठ्याने वाचून पाहायची त्यांची सवय होती. निर्मलाबाई समोर भाजी चिरत होती, वासुदेवराव खाटेवर.

"महोदय, उपरोक्त विषयान्वये सविनय सादर की, माझी पत्नी दूरचित्रवाणीवर चार वेळा हसली ही बाब खरी आहे. सदर हसणे अनवधानाने झालेले असून त्याबद्दल ती दिलगीर आहे. सदर हसण्याशी खाली सही करणाराचा कोणत्याही प्रकारे संबंध नाही, पूर्वी नव्हता व यापुढे राहणार नाही."

वाचता वाचता त्यांनी पाहिले, निर्मलाबाईचे खांदे हलले. विळीवरचा हात थांबला, पदर तोंडाकडे गेला. सुखरामजी थांबले. खाटेवर वासुदेवरावही कोपरावर उठले.

निर्मलाबाईने ओठ घट्ट मिटले. गिळले. आणि पुन्हा भाजी चिरू लागली.

"हास ना वं," सुखरामजी म्हणाले. "इथं कोण आहे?"

"नाई हासत जी आता मी," ती म्हणाली. "एकडाव हासली तं तुमची पेन्शन अडून राह्यली. पुरं झालं बापा."

सुखरामजींनी कागदावर सही केली. तीन प्रती काढल्या. एक कार्यालयाला, एक वरच्या कार्यालयाला. तिसरी त्यांनी घरी आपल्या पेटीत, लग्नाच्या फोटोखाली ठेवली, कारण निर्मलाबाई हसली होती याचा तेवढाच लेखी पुरावा त्यांच्याजवळ होता.